बांबूमागचं वारूळ

बडोद्यातल्या एका शाळेत मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष कपाटं आवरण्यात आणि नवऱ्याच्या औषधांच्या वेळा सांभाळण्यात गेलं. मग शहराच्या अकोटा भागात आमच्या आसपास राहणाऱ्या काही निवृत्त शिक्षकांनी आग्रह धरला, की तुम्हाला झाडंपाखरं कळतात, तर रविवारी आम्हाला कुठेतरी फिरायला न्या. शहराबाहेर छाणीच्या पुढे एक वन उद्यान आहे. थोडं लावलेलं, थोडं आपोआप वाढलेलं जंगल, मधून एक पायवाट, दारापाशी हिरवळ आणि बाकं. तिथे जायचं ठरलं. दहा-बारा जण असायचे, निम्मे मराठी, निम्मे गुजराती. दोन तास चालायचं आणि परतताना शेव-उसळ खायची, असा तो कार्यक्रम होता. शेव-उसळीसाठी येणारेही होते त्यात, पण मला ते चालायचं. मला ऐकणारी माणसं पुन्हा मिळाली होती.

तिथली वनरक्षक एक बाई होती. तिशीतली, छोटा उदेपूरकडच्या एका आदिवासी गावातून आलेली. आमची ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. मी एका वेलाची डहाळी तोडून सगळ्यांना पानाच्या शिरा दाखवत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "बेन, तोडशो नहीं. फांदी खाली वाकवा ना, तेवढ्यानं दिसतं."

ती गुजरातीतच बोलायची, तिचं बोलणं मी इथे बहुतेक मराठीत लिहिते आहे.

मला राग आला. मी म्हटलं, "मी विज्ञानाची शिक्षिका आहे. शिकवायला घेतलंय."

"मग तर तुम्हीच सगळ्यांना सांगायला हवं," ती म्हणाली. आवाजात अजिबात उद्धटपणा नव्हता. एखादी गोष्ट सरळ दिसते तशी तिनं सांगितली होती. ग्रुपमधलं कुणीतरी हसलं आणि मीही हसून विषय बदलला.

पुढे आमची चांगली गट्टी जमली. इतर लोक बाकावर टेकले की मी तिच्याबरोबर फिरायची. मी तिला झाडांची शास्त्रीय नावं सांगायची, ती मला त्यांचे उपयोग आणि स्वभाव सांगायची. कुठल्या झाडाखाली उभं राहिलं की अंगाला खाज सुटते, कुठलं फूल दुपारनंतर मिटतं. एकदा मी तिला मोठ्या अभिमानानं सांगितलं, की माझ्या वर्गातली प्रत्येक मुलगी दरवर्षी वीस वनस्पती वाळवून वहीत चिकटवायची, खोड, पानं, फूल, मूळ, सगळं नीट दिसेल अशी.

"मुळासकट?" तिनं विचारलं.

"मुळासकटच. नाहीतर मार्क कापायची मी."

थोडं पुढे गेल्यावर तिनं विचारलं, "आणि वर्ष संपल्यावर त्या वह्यांचं काय व्हायचं?"

मला आठवेना. बहुधा रद्दीत जात असाव्यात. मी म्हटलं, "मुलींकडेच राहायच्या." हे मी का म्हटलं कोण जाणे.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात तिनं मला ते वारूळ दाखवलं. चार दिवस पाऊस लागून राहिला होता आणि त्या दिवशी उघडीप होती. बाकीचे हिरवळीवर फोटो काढत होते. तिनं मला खूण केली आणि पायवाट सोडून बांबूच्या बेटामागे नेलं. जाताना म्हणाली, "माझ्या पावलांवर पाऊल ठेवा."

बांबूमागे गुडघ्याएवढं, बसकं, अर्धं झिजलेलं वारूळ होतं. त्याला गुजरातीत राफडो म्हणतात. त्याच्या एका उतारावर पंचवीस-तीस अळंब्या उगवल्या होत्या. काही नुसत्या बोंडासारख्या टोकदार, काही हाताच्या पंज्याएवढ्या उघडलेल्या, कडेला किंचित फाटलेल्या, मधोमध करडं टोक. ओल्या मातीचा आणि ताज्या पिठाचा मिळून यावा तसा वास होता. मी पुस्तकात वाचलं होतं, फळ्यावर आकृतीही काढली होती, पण प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहत होते. वाळवी जमिनीखाली चघळलेल्या लाकडाचा एक स्पंजासारखा गोळा रचते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते. वर दिसणारी अळंबी त्या खालच्या शेतीतून लांबलचक देठानं मातीतून वाट काढत येते.

"दरवर्षी इथेच येतात," ती म्हणाली. "मी इथे आल्यापासून. आमच्या गावात याची भाजी करतात. वरच्यावर खुडून घेतात, थोड्या ठेवतात, खाली हात घालत नाहीत. पण इथली मी एकही घेत नाही. हे काही माझ्या गावचं रान नाही. तुम्ही कुणाला सांगू नका हं, बेन. लोक गोळा झाले की पायाखालीच जाईल सगळं."

मी म्हटलं, "नाही सांगणार."

आम्हा मराठी लोकांची कुत्र्याची छत्री आणि गुजरात्यांचा बिलाडीनो टोप, म्हणजे मांजराची टोपी, यावर आम्ही दोघी हसलो. तिच्या बोलीत आणखी तिसराच शब्द होता. तिनं तो दोनदा म्हणून दाखवला. मी लिहून घेतला नाही आणि आता तो मला आठवत नाही.

पुढच्या रविवारी ती रजेवर होती. तिच्या गावी काहीतरी कार्य होतं. मी ग्रुप घेऊन फिरत होते. आमच्यात एक भूगोलाच्या बाई होत्या, माझ्याच शाळेतल्या, माझी वीस वर्षांपासूनची मैत्रीण. त्या म्हणाल्या, "बाई, तेच ते साग आणि तेच ते पळस. आज काहीतरी नवीन दाखवा ना."

ते वाक्य मला लागलं. एवढंच झालं. आठ दिवसांपूर्वी दिलेला शब्द मला आठवत होता, विसरले असं मी म्हणू शकत नाही. पण मनात आलं, ही काही गर्दी नाही. शिकलेली माणसं आहेत, शिक्षक आहेत, यांना दाखवलं तर काय बिघडतं?

मी त्या सगळ्यांना बांबूमागे नेलं.

अकरा माणसं त्या वारुळाभोवती उभी राहिली. आधीच्या आठवड्यातल्या अळंब्या विरून गेल्या होत्या, पण नव्या सात-आठ आल्या होत्या. सगळ्यांचे मोबाईल बाहेर निघाले. मी बोलायला लागले आणि मला जाणवलं, की सगळे खरोखर ऐकताहेत. वाळवीच्या शेतीचं सांगितल्यावर एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे हा देठ किती खोल जातो?"

"हातभर जाऊ शकतो," मी म्हटलं.

"खरंच? दिसेल का?"

माझ्या पिशवीत खुरपं होतं. घरच्या कुंड्यांसाठी माती मोकळी करायचं छोटं खुरपं, परतताना कधी रोपवाटिकेत थांबलो तर असावं म्हणून ठेवलेलं. मी गुडघ्यावर बसले आणि खणायला सुरुवात केली. देठ तुटू नये म्हणून मी एका बाजूनं चौकोनी खड्डा घेत गेले, अगदी काळजीपूर्वक, प्रयोगशाळेत काम करावं तशी. माती ओली होती. देठ खाली खाली जात राहिला आणि निमुळता होत गेला. लोक "वा!" म्हणत होते. मग खुरप्याला काहीतरी मऊ लागलं आणि पोकळीतून करड्या-तपकिरी स्पंजाचा एक मोठा तुकडा सुटून माझ्या हातात आला. त्याच्यावर मोहरीहून बारीक पांढरे मणी होते. वाळव्या सैरावैरा धावत होत्या.

मी तो तुकडा उंच धरून सगळ्यांना दाखवला. तो फोटो अजून कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असेल. त्यात मी हसते आहे.

भूगोलाच्या बाईंनी विचारलं, "या खाता येतात का हो?"

"वारुळावरच्या खातात. उत्तम लागतात म्हणे," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. बाकीच्या सगळ्याच खाता येत नाहीत, त्यातल्या काही जीवघेण्या असतात, दिसायला एकसारख्या असतात, हे सांगायचं राहून गेलं. वर्गात असते तर नक्की सांगितलं असतं.

दोघांनी उरलेल्या अळंब्या उपटून रुमालात गुंडाळल्या. मी त्यांना थांबवलं नाही. मी स्वतः जे केलं होतं त्यानंतर कुठल्या तोंडानं थांबवणार होते? तो स्पंजाचा तुकडा मी खड्ड्यात परत ठेवला, वर माती लोटली, हातानं थोपटली. आणि आम्ही शेव-उसळ खायला गेलो.

पुढच्या गुरुवारी दुपारी भूगोलाच्या बाईंच्या मुलाचा फोन आला. आई दवाखान्यात आहे, रात्रभर उलट्या-जुलाब झाले, सलाईन लावलं आहे. मी धावत गेले. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. बोलता येत नव्हतं, पण मला पाहून ओशाळवाणं हसल्या. मुलानं सांगितलं, की बुधवारी संध्याकाळी आई एकटीच रिक्षा करून उद्यानात गेली होती. बांबूमागे काही मिळालं नाही, म्हणून दारापाशीच्या हिरवळीवर उगवलेल्या मोठ्या पांढऱ्या छत्र्या घेऊन आली आणि कांदा-टोमॅटो घालून भाजी केली. नशीब, घरातल्या इतरांनी हात लावला नव्हता. त्यानं मला डॉक्टरांसाठी काढलेला फोटो दाखवला. टोपीखालच्या पापुद्र्यांना हिरवट झाक होती. मी बघताक्षणी ओळखली. ही विषारी असते, हे मला त्या रविवारी कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

त्या बऱ्या झाल्या. तीन दिवसांनी घरी आल्या. पण मुलगा भडकला होता आणि त्याचं चूक नव्हतं. त्यानं वन खात्याच्या कचेरीत लेखी तक्रार दिली, की उद्यानात सूचनेची पाटी नाही, लोक पायवाट सोडून आत जातात, कुणी अडवत नाही आणि तिथली वनरक्षकच लोकांना अळंब्या दाखवत फिरते. हे शेवटचं त्याला कुठून कळलं? मीच दवाखान्यात बोलता बोलता म्हटलं होतं, की ती जागा मला तिनं दाखवली.

मी त्याला सांगू शकले असते, की बाबा, तिनं मला दाखवली आणि कुणाला सांगू नका म्हणाली. मी शब्द मोडला, मीच खणलं, खाता येतात असंही मीच म्हटलं. पण तो रागात होता. मी मनाशी म्हटलं, जरा शांत होऊ दे, मग सांगेन.

सोमवारी वनरक्षकबाईचा फोन आला. पडद्यावर तिचं नाव दिसत होतं. मी जेवणाच्या टेबलापाशी उभी होते, हात कोरडे होते, फोन समोर होता. तो वाजून वाजून बंद झाला. नवऱ्यानं विचारलं, "कुणाचा होता?" मी म्हटलं, "कंपनीचा असेल."

मला वाटलं होतं, ती मदत मागेल. साहेबांना खरं काय ते सांगा म्हणेल. तिनं पुन्हा फोन केला नाही आणि मीही केला नाही. महिन्याभरानं उद्यानातल्या माळ्याकडून कळलं, की तिला लेखी खुलासा मागितला होता आणि तिची करजणकडच्या रोपवाटिकेत बदली झाली. जंगल सोडून पिशव्यांमधल्या रोपांवर.

रविवारच्या फेऱ्या मी बंद केल्या. गुडघे दुखतात असं सांगितलं.

पुढच्या श्रावणात मी एकटी जाऊन आले. वारुळावर काही नव्हतं. थोडा उशीर झाला असेल म्हणून आठवड्यानं परत गेले. तेव्हाही काही नव्हतं. मी खणलेली जागा चौकोनी खचली होती आणि त्यात बांबूची पानं साठली होती. मी घरी आले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं, टेबलावर वाजलेल्या फोनसकट. तो म्हणाला, "करजण काही लांब नाही."

लांब नाही हे मलाही ठाऊक होतं. तरी जायला आणखी दोन महिने लागले.

रोपवाटिकेत ती रोपांना पाणी देत होती. मला ओळखायला तिला क्षणभर लागला, मग म्हणाली, "अरे, बेन! केम छो? गुडघे कसे आहेत?" म्हणजे माझं खोटं इथपर्यंत पोचलं होतं. तिनं मला सावलीत खुर्ची दिली, चहा मागवला. मी चहा येईपर्यंतही थांबले नाही. तो फोन सोडून जे घडलं ते सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "मला ठाऊक होतं तुम्हीच खणलंय."

"कसं?"

"रानडुकरानं उकरलं की माती चहूकडे उडते. आमचे लोक खणतच नाहीत. तो खड्डा चौकोनी होता, कडा सरळ. मी म्हटलं, हे शाळेतल्या बाईचं काम आहे." ती हसली नाही. "भाजीसाठी उपटलं असतं तर मला इतकं वाईट वाटलं नसतं. भूक लागते माणसाला. तुम्हाला तर खाली काय आहे ते आधीच माहीत होतं. मग खणलं कशाला?"

मी म्हटलं, "लोक बघत होते म्हणून."

तिनं मान हलवली.

मी विचारलं, "खुलाशात तुम्ही काय लिहिलं?"

"लिहिलं, की जागा मी दाखवली. खरंच होतं ते. मी दाखवली नसती तर पुढचं काही झालंच नसतं."

"माझं नाव का नाही घातलंत?"

"तुम्ही स्वतः जाऊन सांगाल असं वाटलं होतं," ती म्हणाली.

मी तेव्हा त्या फोनबद्दल बोलले. सांगितलं, की मी मुद्दाम उचलला नाही, मला भीती वाटली होती. तिला आधी आठवेना. मग म्हणाली, "हां, तो. त्या आजारी मॅडम कशा आहेत विचारायला केला होता. मला कुणी सांगतच नव्हतं."

चहा आला. आम्ही तो प्यायलो. तिनं मला रोपं दाखवली, कुठली उगवायला हट्टी, कुठली सोपी. तिची मुलगी आता करजणच्या शाळेत जात होती. ती म्हणाली, इथे नळाला पाणी असतं, घर जवळ आहे, आता परत जायचं मन नाही. हे तिनं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरंच तसं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी वन खात्याच्या कचेरीत लेखी निवेदन घेऊन गेले. पायवाट कुणी सोडली, कुणी खणलं, कोण काय म्हणालं, सगळं माझ्या सहीनिशी. तिथल्या साहेबांनी ते वाचलं, दोनदा वाचलं. तेही कधीकाळी कुणातरी बाईंचे विद्यार्थी असणारच. फार नम्रपणे म्हणाले, "मॅडम, ते प्रकरण केव्हाच मिटलं. आता हे घेऊन काय करू?"

"तिच्या कागदांना लावा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्यासमोर टाचणी लावली. त्यानं तिच्या नोकरीत काही फरक पडला का, मला ठाऊक नाही.

भूगोलाच्या बाईंनाही मी सगळं सांगितलं. त्यांच्या मुलालाही. तो म्हणाला, "काकू, हे तेव्हा सांगायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "जाऊ दे ना, मी काय मेले नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण त्या बिचारीची बदली झाली." आमची मैत्री टिकली आहे. फक्त रानाचा विषय आम्ही दोघीही काढत नाही.

आता तीन पावसाळे झाले. उद्यानात पाटी लागली आहे: पायवाट सोडू नका, फुलं-पानं-अळंबी तोडू नका, खाऊ नका. अक्षरं मोठी आहेत. वारुळावर अजून काही उगवलेलं नाही. काही अभ्यासक म्हणतात, की खालची वसाहत जगली तर काही वर्षांनी पुन्हा येऊ शकतात, नाही जगली तर नाही. खाली काय उरलं आहे ते बघायचं तर पुन्हा खणावं लागेल.

या श्रावणात गेले तेव्हा तिथे नवे वनरक्षक भेटले, माझ्याहून थोडेच लहान, निवृत्तीला टेकलेले. मी पायवाटेवरून बांबूकडे बघत उभी होते. त्यांनी विचारलं, "बेन, काही शोधता आहात?"

मी त्यांना इथे काय होतं ते सांगितलं आणि ते कुणी घालवलं तेही सांगितलं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं, बांबूकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी लोकांना तिकडे सावलीत बसू देतो."

"आता नका बसू देऊ," मी म्हटलं.

तेवढ्यात हिरवळीकडून हसण्याचा आवाज आला. एक मोठं कुटुंब आलं होतं आणि त्यातल्या एक बाई केसात माळायला कसलीशी जांभळी फुलं खुडत होत्या. "एक मिनिट हं," असं म्हणून वनरक्षक तिकडे निघाले. त्यांचा आवाज मला ऐकू येत होता, अगदी मऊ, अजिजीचा. त्या बाई चिडून म्हणत होत्या, "दोन फुलांनी काय होतंय?"

मला तिकडे जाऊन काहीतरी बोलावंसं वाटलं. पण कुठून सुरुवात करावी ते सुचेना, म्हणून मी तिथेच उभी राहिले.